बीपीची गोळी सुरू झाली आणि घड्याळातला एचआरव्ही बदलला: याचा अर्थ काय लावायचा?

मनगटावरची घड्याळं आता नाडीबरोबर आणखी एक आकडा दाखवतात, एचआरव्ही. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तो रोज सकाळी दिसू लागलाय आणि त्यातून नवेच प्रश्न उभे राहिलेत. गोळी बदलल्यावर कुणाचा आकडा ३० वरून ४५ वर गेला, म्हणजे हृदय सुधारलं का? कुणाचा गोळी सुरू केल्यावर घसरला, म्हणजे ती गोळी मानवत नाही का? दोघांनाही एकच उलटा प्रश्न विचारावा लागतो: आधी सांगा, गोळी कोणती? बीपी कमी करण्याचे रस्ते अनेक आहेत. त्यातले काही थेट हृदयाच्या नसांवरून जातात, काही त्यांना वळसा घालून. रस्ता कोणता ते कळलं की आकडा असा का वागतोय हेही बऱ्याच अंशी कळतं.

दोन ठोक्यांमधलं अंतर

एचआरव्ही म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, मराठीत सांगायचं तर लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचं माप. हे अंतर मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. नाडी ७० आहे म्हणून प्रत्येक ठोका बरोबर ८५७ मिलिसेकंदांनी पडत नाही. निरोगी माणूस शांत बसलेला असताना अंतरं साधारण अशी येतात: ८५०, ८९०, ८३०, ८७०, ८६०, ९००. सरासरी काढली तर नाडी ६९ भरते, पण या सहांतली कुठलीही दोन अंतरं सारखी नाहीत.

यावरून आकडा कसा निघतो ते एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे, कारण पुढचे बरेच घोळ त्यातूनच समजतात. शेजारशेजारच्या अंतरांमधला फरक घ्या: ४०, ६०, ४०, १०, ४०. प्रत्येकाचा वर्ग करा: १६००, ३६००, १६००, १००, १६००. बेरीज ८५००. पाचने भागलं की १७००, आणि त्याचं वर्गमूळ साधारण ४१. हा झाला 'आरएमएसएसडी', एचआरव्हीचा सर्वांत जास्त वापरला जाणारा आकडा. दुसरा प्रकार 'एसडीएनएन'. त्यात शेजारचे फरक न बघता सगळी अंतरं सरासरीपासून किती पसरली आहेत ते बघतात. काही घड्याळं पहिला आकडा दाखवतात, काही दुसरा (अ‍ॅपलच्या घड्याळात एसडीएनएन असतो). त्यामुळे दोघांनी आपापल्या घड्याळातले आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाने किलोत आणि दुसऱ्याने लिटरमध्ये मोजल्यासारखं होतं.

हे अंतर बदलतं कशामुळे?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात स्वतःहून ठोके निर्माण करणारा पेशींचा एक पुंजका असतो. त्याला पूर्ण मोकळं सोडलं तर तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये नसांची जोडणी तुटलेली असते. म्हणूनच त्यांची बसल्या जागेची नाडीही साधारण ९० ते ११० असते आणि अंतरं जवळजवळ एकसारखी येतात. इतरांची नाडी ६० ते ८० वर राहते ती व्हेगस नावाच्या नसेमुळे. मेंदूतून निघणारी ही नस हृदयाला सतत आवरून धरते. तिच्या विरुद्ध बाजूला असतात अनुकंपी नसा. धावपळ, राग, भीती अशा वेळी त्या नाडी वाढवतात आणि रक्तवाहिन्या आवळतात.

दोघींचा वेग मात्र फार वेगळा आहे. व्हेगस दिव्याच्या बटणासारखी आहे. दाबलं की लगेच उजेड, सोडलं की लगेच अंधार. तिचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांत दिसतो आणि तितक्याच झटपट विरतो, कारण तिचं रसायन जागच्या जागी मोडलं जातं. अनुकंपी नसा इस्त्रीसारख्या आहेत. तापायला वेळ लागतो आणि बटण बंद केल्यावरही त्या बराच वेळ गरम राहतात. म्हणून ठोक्यागणिक होणारे बारीक बदल, जे आरएमएसएसडीत पकडले जातात, ते जवळजवळ पूर्णपणे व्हेगसचे असतात.

हे स्वतःच्या हातावर बघता येतं. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी शोधा. पाच सेकंद श्वास आत घ्या, पाच सेकंद बाहेर सोडा, असं मिनिटभर करा. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांमध्ये हे सहज जाणवतं. वय वाढतं तसं पुसट होत जातं, त्यामुळे साठीच्या माणसाला जाणवलं नाही तर घाबरायचं कारण नाही.

बीपी वाढलेल्यांमध्ये काय बिघडलेलं असतं

मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, टोकं मेंदूला खबर देतात, मेंदू व्हेगसला जोर लावायला सांगतो, नाडी मंदावते आणि दाब उतरतो. उभं राहताना दाब क्षणभर पडतो तेव्हा हेच सगळं उलट्या दिशेने होतं. दिवसभर दर काही सेकंदांनी अशी दुरुस्ती चालू असते. एचआरव्हीचा एक मोठा हिस्सा म्हणजे या दुरुस्त्यांच्याच खुणा. सायकल सरळ चालताना हँडल सतत बारीक हलत असतं, तसंच हे.

दाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की दोन गोष्टी होतात. धमन्या कडक होतात, आणि जुनी ताठर रबरी नळी पाण्याच्या जोराने फुगत नाही तशा त्या ताणल्या जात नाहीत. टोकांपर्यंत ताण पोचतच नाही, म्हणून खबर अर्धवट जाते. शिवाय मेंदू चढलेल्या दाबालाच 'नेहमीचा' धरून बसतो, गीझरचं तापमान कुणी वर सरकवून ठेवावं तसा. एकीकडे व्हेगस ढिली पडते, दुसरीकडे अनुकंपी नसा तापलेल्याच राहतात, आणि ठोक्यांमधली अंतरं एकसारखी होत जातात.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम हार्ट स्टडीच्या १९९८ सालच्या निष्कर्षांत बीपी असलेल्या स्त्री-पुरुषांचा एचआरव्ही इतरांपेक्षा कमी आढळला. ज्यांचं बीपी तेव्हा नॉर्मल होतं त्या पुरुषांपैकी एचआरव्हीचा एक विशिष्ट घटक कमी असलेल्यांना पुढे बीपी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे काहींमध्ये नसांमधला बिघाड बीपीच्या आधी सुरू झालेला असतो.

एचआरव्हीला वजन मिळालं ते मात्र १९८७ च्या एका अभ्यासामुळे. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८०८ रुग्णांत ज्यांचा २४ तासांचा एसडीएनएन ५० मिलिसेकंदांखाली होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होता. इथे एक सावधगिरी हवी. हे ५० आणि १०० चे आकडे २४ तासांच्या ईसीजीचे आहेत, तेही हार्ट अटॅकनंतरचे. मनगटावर पाच मिनिटांत घेतलेल्या ४५ ला हा नियम लावून झोप उडवून घेणारे पुष्कळ भेटतात. रेकॉर्डिंग जितकं लांब तितका एसडीएनएन मोठा येतो. पाच मिनिटांचा आणि २४ तासांचा आकडा एका पट्टीने मोजताच येत नाही.

आता गोळ्या

बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल, नावाच्या शेवटी बहुधा 'लॉल' असणारी औषधं. अनुकंपी नसांचं रसायन हृदयाच्या ज्या कुलपांत बसतं, ती कुलपं ही औषधं अडवून ठेवतात. इस्त्रीची वायर काढल्यासारखंच. व्हेगसला विरोध उरत नाही, नाडी उतरते, आरएमएसएसडी वाढतो. सगळ्या बीपीच्या औषधांत एचआरव्हीवर सर्वांत ठळक परिणाम यांचाच दिसतो.

पण परिणाम किती तास टिकतो ते गोळीच्या प्रकारावर ठरतं. साधी मेटोप्रोलॉल टारट्रेट रक्तातून तीन ते सात तासांत निम्मी होते, म्हणून ती दिवसातून दोनदा देतात. रात्रीचा डोस राहिला तर पहाटेपर्यंत तिचा जोर ओसरतो. घड्याळ नेमकं झोपेतच मोजत असेल तर आकडा घसरलेला दिसतो आणि माणूस विचार करत बसतो की काल आपण काय वावगं केलं. संथ विरघळणाऱ्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटने किंवा बिसोप्रोलॉलने हा चढउतार बराच कमी होतो. आणखी एक: बीटा ब्लॉकरवर असताना व्यायामातली जास्तीत जास्त नाडी काढण्याचं '२२० वजा वय' हे सूत्र लागू होत नाही, कारण नाडी तिथवर चढतच नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका जोर मध्यम समजावा.

अ‍ॅम्लोडिपिनच्या घराण्याची गोष्ट वेगळी. ही औषधं धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाहीत. स्नायू सैल पडतो, धमनी रुंदावते, दाब उतरतो, आणि हृदयाच्या नसांना यात थेट हात लागत नाही. तरी नसा गप्प बसत नाहीत. दाब एकदम पडला तर मानेतली टोकं तक्रार करतात आणि मेंदू अनुकंपी नसा पेटवतो. नाडी धावते, व्हेगस मागे हटते, एचआरव्ही घसरतो. जुन्या, झटपट विरघळणाऱ्या निफेडिपिनच्या कॅप्सूलने हेच व्हायचं. काही मिनिटांत दाब खाली, छातीत धडधड, चेहरा लाल. उच्च रक्तदाबासाठी ती आता योग्य मानली जात नाही. अ‍ॅम्लोडिपिन हळू चढतं आणि रक्तातून निम्मं व्हायला त्याला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे मेंदूला दचकायला वाव मिळत नाही, आणि बहुतेकांचा एचआरव्ही जवळपास होता तिथेच राहतो. सुरुवातीच्या आठवड्यात नाडी दोन-चार ठोक्यांनी वाढून आकडा किंचित उतरला तर ते याच साखळीतलं आहे. औषधाची रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच सात-आठ दिवस लागतात.

याच कुटुंबातली डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही दोन मात्र हृदयावरही काम करतात आणि नाडी मंदावतात. त्यांचा एचआरव्हीवरचा परिणाम अ‍ॅम्लोडिपिनपेक्षा बीटा ब्लॉकरच्या जवळ जातो. बीटा ब्लॉकर चालू असताना यांतलं एखादं जोडलं गेलं तर हृदयातला विजेचा संदेश अडकण्याइतकी नाडी मंदावू शकते. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून औषधं चालू असणाऱ्यांनी दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवायला हव्यात, त्याचं हे एक ठोस कारण.

'प्रिल' आणि 'सार्टन' ही पुढची दोन कुटुंबं: रामिप्रिल, एनालाप्रिल एका बाजूला, टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन दुसऱ्या. अँजिओटेन्सिन नावाचं रसायन रक्तवाहिन्या तर आवळतंच, शिवाय अनुकंपी नसांच्या टोकांतून जास्त रसायन सुटायला मदत करतं आणि व्हेगसला दाबतं. प्रिल गोळ्या ते तयार होणं कमी करतात, सार्टन त्याचं कुलूप अडवतात. त्यामुळे दाब उतरूनही नाडी धावत नाही, हा यांचा मोठा गुण. कागदावर पाहिलं तर एचआरव्ही छान वाढायला हवा. प्रत्यक्षात नुसतं बीपी असलेल्यांमध्ये कधी थोडा वाढतो, कधी काहीच बदलत नाही. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेल्या, रुग्णांत वाढ जास्त स्पष्ट दिसते, कारण त्यांच्यात अँजिओटेन्सिनचा मारा आधीच फार मोठा असतो.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, शरीरातलं मीठ आणि पाणी कमी करतात. डोस जास्त झाला किंवा उलट्या-जुलाबांच्या दिवसांतही गोळी चालू राहिली, तर रक्ताचं आकारमान घटतं, अनुकंपी नसा सावध होतात आणि एचआरव्ही घसरतो. यांच्यामुळे पोटॅशियमही कमी होऊ शकतं, आणि त्याचा आकड्यावर होणारा परिणाम चांगलाच फसवा असतो. त्याबद्दल पुढे.

प्राझोसिनसारखे अल्फा ब्लॉकर धमन्या सैल करतात, त्यात नाडी थोडी वाढू शकते. पहिल्या डोसनंतर उभं राहताना चक्कर येते म्हणून तो झोपताना देतात. क्लोनिडिन, मॉक्सोनिडिन मेंदूतूनच अनुकंपी नसांचा आवाज कमी करतात. आणि एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतील, जी हल्ली सर्रास असतात, तर या सगळ्या ओढाताणीची गोळाबेरीज आकड्यात उतरते. गोळीच्या पट्टीवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधांची नावं असतात, ती वाचावीत.

बीटा ब्लॉकरने आकडा वाढतो, तर तेच सगळ्यांना का देत नाहीत?

कारण आकडा वाढणं आणि माणूस वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' या चाचणीत बीपी असलेल्या आणि हृदयाची भिंत जाड झालेल्या ९,१९३ रुग्णांना लोसार्टन किंवा अटेनोलॉलवर ठेवलं होतं. दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच उतरला. नाडी अटेनोलॉलने जास्त मंदावली. तरीही पक्षाघाताचं प्रमाण लोसार्टनच्या गटात २५ टक्क्यांनी कमी निघालं. अशा पुराव्यांमुळे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ मध्ये नुसत्या बीपीसाठी बीटा ब्लॉकरला पहिल्या पसंतीच्या यादीतून काढलं. हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल, हार्ट फेल्युअर असेल, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असेल, नाडी फार जलद असेल, तर हीच औषधं जीव वाचवतात आणि तिथे ती ठामपणे दिली जातात.

नसा नुसत्या शांत केल्याने भलंच होतं, हेही खरं नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर मॉक्सोनिडिनची 'मॉक्सकॉन' नावाची चाचणी झाली होती. अनुकंपी नसांचं रसायन रक्तात अपेक्षेप्रमाणे घटलं, पण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून बीपीचं औषध निवडताना किंवा डोस ठरवताना एचआरव्हीला लक्ष्य धरावं असं बीपीच्या उपचारांच्या प्रमुख मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी घड्याळातल्या आलेखाकडे ओझरतं पाहून बीपीची वही मागितली, तर त्यांचं बरोबरच आहे.

नाडी मंदावली म्हणूनच आकडा वाढला असेल, तर सुधारणा खरी का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्यात गणिताचा एक भाग आहेच. समजा नाडी ६० च्या आसपास आहे आणि ती ५८ ते ६२ अशी हलते. अंतरांत सांगायचं तर १०३४ ते ९६८, म्हणजे जवळजवळ ६७ मिलिसेकंदांचा पट्टा. आता नाडी १०० च्या आसपास घ्या आणि तितकीच, ९८ ते १०२, हलू द्या. अंतरं ६१२ ते ५८८. पट्टा फक्त २४. नसांनी नाडी दोन्हीकडे तेवढीच हलवली, तरी संथ नाडीवर आकडा अडीच पटींहून मोठा दिसतो.

म्हणून बीटा ब्लॉकर सुरू केल्यावर नाडी ८४ वरून ६४ वर आली आणि एचआरव्ही वाढला, तर त्यातला काही भाग व्हेगसला मोकळीक मिळाल्याचा असतो आणि काही भाग नुसता संथ नाडीचा. दोन्ही वेगळे करण्याचं काम घड्याळ करत नाही. निदान एचआरव्हीच्या शेजारी नाडीचा आकडा लिहून ठेवावा. नाडी तीच राहून आरएमएसएसडी वाढला असेल तर त्या वाढीला जास्त अर्थ आहे.

काही अ‍ॅप 'एलएफ-एचएफ गुणोत्तर', म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराच्या संथ चढउतारांचं (एलएफ) जलद चढउतारांशी (एचएफ) असलेलं प्रमाण, दाखवून त्याला ताणतणावाचा तराजू म्हणतात. त्यावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिनिटाला सहा श्वास घेतले की एलएफ भरमसाट वाढतो आणि तराजू 'ताण वाढला' म्हणतो, प्रत्यक्षात माणूस शांत बसून संथ श्वास घेत असतो.

आकडा एका रात्रीत दुप्पट झाला, ही तर चांगलीच बातमी?

इथे सर्वांत जास्त सावध राहावं लागतं. सुरुवातीची सहा अंतरं पुन्हा घ्या, पण मध्ये एक ठोका वेळेआधी पडला असं समजा: ८५०, ८९०, ५२०, १२२०, ८७०, ९००. असा अवेळी ठोका छातीत 'एक ठोका चुकला' असा जाणवतो, त्यानंतरचं अंतर लांबतं. आता फरक येतात ४०, ३७०, ७००, ३५०, ३०. वर्ग, बेरीज, भागाकार, वर्गमूळ सगळं केलं की आरएमएसएसडी निघतो साधारण ३८८. आधी ४१ होता. एका ठोक्याने आकडा नऊपट केला, आणि व्हेगसचा यात काडीचाही संबंध नाही. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये शेकडो ठोके असल्याने फुगवटा इतका मोठा येत नाही, पण येतो. चांगली उपकरणं असे ठोके गाळतात. सगळी गाळतात असं नाही, आणि मनगटावरच्या प्रकाशाच्या सेन्सरला हात हलल्यामुळेही असे खोटे ठोके दिसतात.

आता लघवीच्या गोळीकडे परत येऊ. रक्तातलं पोटॅशियम ३.५ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली गेलं की अवेळी ठोके वाढतात. म्हणजे गोळीमुळे पोटॅशियम घटतंय, हृदय चिडचिडं होतंय, आणि घड्याळ मात्र एचआरव्ही सुधारल्याची शाबासकी देतंय. अशी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं ते यासाठीच. पिंढऱ्यांत गोळे येणं आणि अकारण थकवा ही त्याची सोबतची लक्षणं.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात तर ठोक्यांना कसलाच ताल उरत नाही, आणि एचआरव्ही प्रचंड मोठा येतो. बीपीच्या रुग्णांत हा विकार होण्याची शक्यता जास्त असते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. नेहमी ३० असणारा आकडा ९० किंवा १२० दाखवू लागला आणि तसाच राहिला, तर आनंद मानण्याऐवजी नाडी हाताने तपासा आणि ईसीजी काढा.

गोळी सुरू केल्यावर आकडा पडला. बंद करून बघू का?

नको. बीटा ब्लॉकर चालू असताना शरीर हृदयावर जास्त कुलपं उभारतं, दारावर आडकाठी असताना बाहेर गर्दी साचावी तसं. गोळी अचानक थांबली की ती गर्दी एकदम आत घुसते: नाडी धावते, बीपी उसळतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना अंजायना किंवा हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणून हे औषध साधारण एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. क्लोनिडिन एकदम सोडलं तर एक-दोन दिवसांतच बीपी पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतं. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन थांबवून असा तडाखा बसत नाही, पण दाब गुपचूप पुन्हा चढतो आणि चढलेला दाब जाणवतोच असं नाही.

गोळीची वेळ घड्याळाच्या सोयीने बदलावी का, असंही लोक विचारतात. ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर झालेल्या 'टाइम' या चाचणीने २०२२ मध्ये दाखवलं की गोळी सकाळी घेतली काय आणि रात्री घेतली काय, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांतून होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. जी वेळ न चुकता पाळता येते ती चांगली. वेळ बदलायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून बदला, आणि मग एचआरव्हीची जुनी सरासरी बाजूला ठेवून नव्याने मोजायला लागा.

घरी मोजायचंच असेल तर

पाच मिनिटांचं आणि २४ तासांचं रेकॉर्डिंग, हे दोन प्रमाण कालावधी युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या गटाने १९९६ मध्येच ठरवून दिले. घरी पाच मिनिटं पुरतात. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी आणि गोळी यांच्या आधी, रोज त्याच स्थितीत मोजा, बसून तर रोज बसून, आडवं तर रोज आडवं. पहिलं मिनिट सोडून द्या. श्वास मुद्दाम संथ करू नका, तो आपसूक चालू द्या. छातीला बांधायचा पट्टा मनगटापेक्षा विश्वासार्ह असतो, कारण तो हृदयाची वीज मोजतो. मनगटावरचा सेन्सर त्वचेखालच्या रक्ताच्या लाटा मोजतो, आणि त्या लाटेला पोचायला लागणारा वेळही थोडा बदलत असतो.

एका दिवसाच्या आकड्याला काडीची किंमत देऊ नका. आदल्या रात्रीची दारू, अपुरी झोप, ताप, किंवा उशिरा झालेलं भरपेट जेवण एवढ्यानेही तो सहज पडतो. नव्या गोळीच्या आधीच्या दोन आठवड्यांची सरासरी आणि नंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची सरासरी, एवढीच तुलना करण्यासारखी आहे. उपकरण तेच हवं. मधुमेह फार वर्षांचा असेल तर हृदयाच्या नसा आधीच बधिर झालेल्या असू शकतात, मग कुठल्याही गोळीने आकडा फारसा हलत नाही.

आणि त्याच वहीत बीपी लिहा, कारण औषधाचा निर्णय त्यावर होतो. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं न बोलता बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती १३५/८५ च्या खाली यायला हवी, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. एकाच आठवड्यात बीपी एकदा १२५ आणि एकदा १६० येत असेल तर तो चढउतार मात्र चांगला नाही. एचआरव्हीचा चढउतार चांगला म्हणून बीपीचाही चांगला, अशी गल्लत पुष्कळांची होते.

बसल्या जागी नाडी ५० च्या खाली राहून चक्कर, अंधारी किंवा दम लागत असेल, भोवळ येऊन पडायला झालं असेल, किंवा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडत असेल, तर एचआरव्ही काय म्हणतो याची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. नाडी हाताला वेडीवाकडी लागत असेल तर तिचा अनियमितपणा चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. ताल परत जागेवर आल्यावर काढलेल्या ईसीजीत तो सापडत नाही.